भाव पडला, मॉडेल आलं!

मंचरला माझं गेम कन्सोलचं दुकान आहे. जुन्याचा भाव उतरला किंवा नवीन मॉडेल आलं, की दुकानात गिऱ्हाइकं कमी आणि किस्सेच जास्त जमतात! आता हेच ऐका.

शेजारचे बबनशेठ कांद्याचे व्यापारी. नातवाला कन्सोल घ्यायचा होता. भाव उतरल्यावर मी आवर्जून फोन केला. "थांबा राव, अजून पडंल!" पुन्हा उतरला, पुन्हा फोन. "अजून पडंल!" शेवटी नवीन मॉडेल आलं, जुनं बंद झालं आणि भाव थेट आभाळाला! शेठ कपाळाला हात लावून म्हणाले, "आयला, आमचा कांदासुदिक असा वागत न्हाई!"

जुन्नरच्या सलीमचाचांनी लेकीसाठी कन्सोल नेला आणि दुसऱ्याच दिवशी भाव उतरला. चाचा पायऱ्या चढताना दिसले आणि माझी पाचावर धारण बसली. पण चाचा हसतच आत आले. "काल दिवसभर पोरीकडून हरलो. आज घेतला असता तर एक दिवस उशिरा हरलो असतो! जास्तीचे पैसे त्याचे समज."

पिंपरी पेंढारच्या शकूमावशींनी नवीन मॉडेल चारही बाजूंनी निरखलं. त्यात सीडी घालायची फटच नव्हती. "ह्याला तोंडच न्हाई! खानार कुठून?"

"मावशी, आता सगळं इंटरनेटवरून."

"आमच्या मळ्यात फोनला रेंज न्हाई. लेकरू उपाशी मरंल की रं!"

पण खरी कमाल सुनीलभाऊंची! यांचा टेम्पो आहे. बायकोला न सांगता जुना कन्सोल मला देऊन नवीन मॉडेल नेलं. त्यावर जुन्याचंच विणलेलं कव्हर घातलं. नवीन खोकं मात्र, "तुमच्याकडंच ठेवा, घरी नको!"

महिन्याभराने भाव उतरला आणि वहिनी दुकानात हजर. काउंटरवर कव्हरसकट कन्सोल ठेवला. "हा जुना घ्या, नवीन मॉडेल द्या. ह्यांचा वाढदिवस हाय. पण ह्यांना सांगू नका हं!"

मी कव्हर उचललं. पुन्हा घातलं.

"वर किती द्यायचे?" वहिनींनी पर्स उघडली.

मी आत गेलो, तोच कन्सोल पुसला, त्याच्याच खोक्यात भरला आणि बाहेर आणून दिला. "काही नाही वहिनी. ऑफर आहे. जुना द्या, नवा न्या!"

सकाळी शटर वर केलं, तर वहिनी दारात. मागे त्यांच्या सगळ्या बहिणी. प्रत्येकीच्या काखेत जुना कन्सोल!