उतार शे

एका सकाळी शेजाऱ्यांकडे माझ्यासाठी धुळ्याहून फोन आला. मी अर्ध्या दाढीचा साबण तसाच ठेवून धावलो आणि पलीकडचा बोलायच्या आत विचारून मोकळा झालो, "उतार आहे ना?" पलीकडे भाचा होता. म्हणाला, "मामा, आबा गेले." त्याचे आबा म्हणजे माझे दाजी, थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. शेजारीणबाईंच्या फोनला साबण लागला होता, तो मी बाहीनं पुसत बसलो...

आमच्या खान्देशात आजाऱ्याला भेटायला गेलं की विचारतात, "उतार शे का?" दुखणं पार जावं अशी मागणी त्यात नाही, जरा खाली आलं तरी पुष्कळ. आजाऱ्यानं म्हणायचं, "शे," म्हणजे आहे. मला मुतखडा झाला तेव्हा हे मी पाळलं नाही. जो येईल त्याला कळ कुठून निघते, कुठं जाते, सगळा भूगोल ऐकवला. एक म्हातारी मावशी तर चहा न घेताच डोळे पुसत गेली. दाजी उशाशी केळी सोलत बसले होते. म्हणाले, "मास्तर, लोके इतला लांबून येतस. त्यासले रिता हातनं धाडस का?"

मग दाजींच्याच पोटात ते वाईट दुखणं निघालं. धुळ्याच्या दवाखान्यात सगळं गाव येऊन गेलं आणि प्रत्येकाला दाजींनी "शे" दिलं. रोज सकाळी डॉक्टर यायचे, विचारायचे, "काय आबा, उतार?" दाजी म्हणायचे, "शे ना." डॉक्टर समाधानानं त्याच गोळ्या चालू ठेवायचे. मुलांना मराठी शिकवणारा मी शेजारी उभा राहून मान हलवायचो.

शेवटी अक्कानं मला जिन्यात गाठलं. "तू मास्तर ना? मंग त्यासनं उपरणं देख." पाहिलं, तर उपरण्याचं एक टोक चावून चावून दोरे सुटले होते. डॉक्टरांसमोर मी नुसतंच उपरणं पुढं केलं. त्यांनी ते टोक बोटांत धरलं, दाजींकडे पाहिलं आणि इंजेक्शन लिहून दिलं. दाजी माझ्यावर चिडले. "तो बी आपला खाटजोगे येस ना रोज? काय वाटनं व्हई त्याले?" रोज खाटेपाशी येणारा डॉक्टरसुद्धा त्यांच्या लेखी पाहुणाच होता.

त्या दुपारी इंजेक्शननं, उपरण्याचं टोक आवळलेली त्यांची मूठ सुटली. उपरणं खाली घसरलं. चेहरा असा सैल पडला की मी पहिल्यांदाच काही विचारलं नाही. पुढचे थोडे दिवस तसे गेले... थोडेच.

परवा अक्काकडे गेलो. ओसरीवर बायका बसल्या होत्या. येणारी प्रत्येक जण आता तिच्या दुःखाचं विचारत होती, "अक्का, आते उतार शे का?" आणि अक्का म्हणत होती, "शे. चहा ल्या." ते उपरणं धुऊन तिच्या मांडीवर होतं, दोरे सुटलेलं टोक मुठीत. निघताना दारात मीही तेच विचारलं. दुसरं काही सुचलं नाही.

"शे," ती म्हणाली. सख्ख्या भावालाही तिनं रित्या हातानं धाडलं नाही. मूठ मात्र उघडली नाही.