आगाऊ फेडलेला नवस

पर्यटक आमच्या कॅथेड्रलमध्ये शिरतात ते वर बघतच. छत बघतात, घंटा किती जुन्या ते विचारतात, स्पॅनिश गव्हर्नर कुठल्या फरशीखाली पुरलाय ते विचारतात, आणि डावीकडच्या वेदीपाशी आले की एखादी बाई हमखास म्हणते, "या मातेचे केस खरे आहेत का हो?" तीस वर्षं मी छाती काढून "खरे" असं सांगत आलो. आता "नायलॉनचे" म्हणतो आणि दुसऱ्या कामाला लागतो. त्यांना त्यात काही वाटत नाही. वाटायचं कारणही नाही.

माझं नाव एवेलियो. घंटा वाजवणं, दारं उघडणं, वटवाघळांची घाण काढणं ही माझी कामं. पण मला सांगायचंय ते ओनेलियाबद्दल. सोलेदाद मातेला कपडे घालण्याचा मान आमच्याकडे एका वेळी एकाच बाईला असतो, आणि छत्तीस वर्षं तो ओनेलियाकडे आहे. मूर्ती म्हणजे नुसता चेहरा आणि दोन हात. बाकी सगळा लाकडी सांगाडा. तो पुरुषाच्या नजरेला पडता कामा नये असा नियम. म्हणून दर शनिवारी वेदीपुढे पडदा लागतो. आत ओनेलिया, बाहेर टाचण्यांचा डबा धरून मी. कितीतरी फादर आले नि बदलून गेले, पण पडद्याआड डोकावायची कुणाची छाती झाली नाही.

ती गणवेश शिवायच्या कारखान्यात होती. तिची जीभ तिच्या कात्रीपेक्षा जास्त चालते असं तिथे म्हणत, आणि ते तिला आवडायचं. मला ती घंटेचा दोर म्हणते. "कुणी ओढला की हलतोस, एरवी नुसता लोंबकळतोस." मुलगी दोन वर्षांची असताना नवरा दुसरीकडे संसार थाटून बसला. त्याच्यावर तिने कधी शब्द खर्च केला नाही.

मुलीचं नाव दायमी. तिच्या बाप्तिस्म्याला धर्मपिता, म्हणजे तिचा पाद्रिनो, मी झालो, तेव्हापासून ओनेलिया माझी कोमाद्रे आणि मी तिचा कोंपाद्रे. हे नातं आमच्याकडे सख्ख्यांपेक्षा पक्कं मानतात. मी लग्न केलं नाही, त्यामुळे लाड करायला मला ती एकच पोर होती. मी तिला सायकल शिकवली. तिने मला डॉमिनोत हरवायला सुरुवात केली आणि नंतर कधी जिंकू दिलं नाही. तिचे केस कमरेच्या खाली पोचायचे, काळेभोर आणि जाड. केस धुवायच्या दिवशी नळाला पाणी नसलं तर दोन्ही शेजारणी आपापली बादली घेऊन यायच्या, कारण ते केस अख्ख्या गल्लीचे होते.

चौऱ्याण्णवच्या ऑगस्टमध्ये अर्धं शहर समुद्राकडे तोंड करून बसलं होतं. घरात खायला नव्हतं, आणि सरकारने किनाऱ्यावरचा पहारा सैल केला होता. लोक ट्रकच्या ट्यूबा, दारं, पलंग काय मिळेल ते बांधून उत्तरेला, मायामीकडे निघत होते. दायमी एकवीस वर्षांची, नर्सिंग शिकत होती. तिचा मित्र आणि त्याचे दोन भाऊ यांनी तराफा बांधला. ओनेलियाने आठ दिवस भांडण केलं, नवव्या दिवशी पोरीला घेऊन कॅथेड्रलच्या मागच्या खोलीत आली. हातात कारखान्यातली मोठी कात्री.

"कोंपाद्रे, दार लाव. हिचे केस मातेला द्यायचेत."

केसांचा नवस आमच्याकडे नवा नाही. आजारी मूल बरं झालं, मुलगा तुरुंगातून सुटला, की बायका येऊन वेणी ठेवून जातात. पण काम झाल्यावर. मातेने आधी द्यायचं, मग आपण. सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट आहे ही.

दायमी तेच म्हणाली. "मम्मी, पोचले की तिथून पाठवते ना. पाद्रिनो, सांगा हिला. आधी कोण फेडतं?"

"कुणी नाही," मी म्हणालो. "शिंप्यालासुद्धा कापड शिवून आल्यावर पैसे देतात, कोमाद्रे."

"मी शिंपीणच आहे, मला शिकवू नकोस. आधी घेतलं की माणसाला नाही म्हणता येत नाही. तिच्या डोक्यावर माझ्या पोरीचे केस असले तर ती हिला बुडू देईल कशी?"

तिने कापले. दोन वेण्या, एकेक मनगटाएवढी. दायमीने मान इकडून तिकडे फिरवून पाहिली, हसली आणि माझ्या टकलावर थोपटून म्हणाली, "आता आपण दोघं सारखे." दोन दिवसांनी ते चौघं पहाटे निघाले. त्यानंतर काही नाही. पत्र नाही, फोन नाही, कुणाच्या चुलतभावाने तिकडे पाहिल्याची बातमी नाही. तराफ्याची ट्यूबसुद्धा कुठे किनाऱ्याला लागली नाही.

नाट्यगृहात टोप बनवणारा एक म्हातारा होता. त्याने त्या वेण्यांचा टोप एकेक केस गाठवून बांधला. मातेला तो इतका शोभला की शेजारच्या गावांतून लोक बघायला आले. चर्चच्या महिला मंडळातल्या बाया मात्र ओनेलियाची पाठ वळली की कुजबुजायच्या, आगाऊ फेडलं म्हणून असं झालं. मिळालं ते घेऊन माता विसरून गेली. ओनेलियाला ते कळत होतं. त्यांच्यापेक्षा जास्त वेळा तिने स्वतःलाच ते ऐकवलं असेल.

तिसऱ्या वर्षी ती काळे कपडे घालून आली. "मेली माझी पोर. आता मला कुणी विचारायचं नाही, आणि कुणी आशा दाखवायची नाही." एकदा कोणीतरी म्हणालं, काय सांगावं, तिकडे जाड्या नवऱ्याबरोबर मजेत असेल. ओनेलियाने त्याला भर प्रार्थनेत बाहेर हाकललं. मृतांच्या दिवशी सगळे कबरस्तानात जातात, ही पडद्याआड जायची. तिला कबर नव्हती, केस होते. मी बाहेर उभा राहून ऐकायचो. "केवढा गुंता केलास गं. हलू नकोस. झालंच." मग टाचणीसाठी हात बाहेर यायचा आणि मी टाचणी द्यायचो. वर्षानुवर्षं असं चाललं. तिचे गुडघे गेले, डोळे गेले, कारखाना बंद पडला, तिच्या गल्लीतली तरुण माणसं एकेक करून निघून गेली. शनिवार तेवढा राहिला.

मागच्या वर्षी टोपाला कसर लागली. खाऱ्या हवेने खालची जाळी कुजली होती, कंगवा फिरवला की पुंजके हातात यायचे. तेवढ्यात मायामीला गेलेल्या आमच्याच एका बाईने खोकं पाठवलं. त्यात नवा टोप, चकाकणारा, कारखान्यात बनलेला. आमचे आत्ताचे फादर रेमिहियो तरुण आहेत, चांगले आहेत. ते स्वतः ओनेलियाकडे गेले.

"ओनेलियाबाई, रीत तुम्हाला माहीत आहे. मातेच्या अंगावरचं जुनं झालं की ते झावळ्यांबरोबर जाळतात. पण हे केस कुणाचे आहेत तेही मला माहीत आहे. तुम्ही घरी न्या. मी कुणाला सांगणार नाही."

झावळ्या म्हणजे आदल्या वर्षी सणाला वाटलेल्या ताडाच्या; उपवासकाळ सुरू होतो त्या बुधवारी त्यांच्याच राखेचा क्रूस फादर सगळ्यांच्या कपाळावर काढतात. इतका समजूतदार फादर आम्हाला पूर्वी मिळाला नव्हता. मी टोप उशीच्या अभ्र्यात गुंडाळला आणि दुपारी तिच्या घरी पोचवला. ती जेवायची थांबली होती. ताटात भात आणि काळा घेवडा तसाच. तिने अभ्रा मांडीवर घेतला, उघडला नाही. मला वाटलं रडेल, म्हणून मी कॉफी ठेवायला आत गेलो. आलो तर अभ्रा माझ्या खुर्चीवर.

"परत ने."

"अगं, फादरनी दिलंय."

"फादरनी दिलं. मातेने नाही दिलं. कोंपाद्रे, मी हे परत घेतलं तर ती म्हणेल, बरं झालं, तुझं तुला मिळालं, आता माझ्याकडे काही मागू नकोस."

"अजून काय मागायचंय तिच्याकडे?" मी विचारलं. मूर्खासारखा.

तिने उघड्या दाराकडे पाहिलं. तेव्हा मला समजलं. इतकी वर्षं काळे कपडे घालून, आम्हा सगळ्यांची तोंडं बंद करून, ही बाई वाट बघत होती. मला, दायमीच्या धर्मपित्याला, त्याचा पत्ता नव्हता. मी तर पोरीला केव्हाच मेलेली धरून चाललो होतो.

"एक्कावन्न वर्षांची असेल ती," ओनेलिया म्हणाली. "जाळ तू. रीत आहे तशी होऊ दे. राख बुधवारी कपाळाला लागेल ना? तेवढी माझी. मातेचं मातेला मिळालं आणि पोर माझ्या अंगाला लागली. तू नीट करशील ना रे? तुझ्याशिवाय कुणाच्या हातात देऊ नकोस."

"मीच करतो दरवर्षी," मी म्हणालो.

राखेच्या बुधवारच्या आदल्या दिवशी मी अंगणात पत्र्याच्या पिंपात जाळ केला. गेल्या वर्षीच्या झावळ्या लोकांनी दारामागून काढून आणून दिल्या होत्या, त्या कडकडीत वाळलेल्या. त्यांच्यावर टोप ठेवला. केस जळताना कसा वास येतो ते सगळ्यांना माहीत आहे. मी तोंड फिरवलं नाही, एवढं तरी मी केलं. केस पेटत नाहीत, आखडतात, वितळल्यासारखे होऊन काळे खडे बनतात. निवल्यावर सगळं कुटलं आणि चाळलं. चाळावं लागतंच. एकदा काडी राहून एका बाळाचं कपाळ खरचटलं होतं, तेव्हापासून मी मैद्याच्या बारीक चाळणीने दोनदा चाळतो. चाळणीत उरलेलं अंगणातल्या मोरीत झटकलं, राख वाडग्यात भरली. लाइट गेलेली होती, रेशनला तांदूळ आल्याचं कुणीतरी ओरडून गेलं होतं, माझं लक्ष तिकडे. दुपारी मंडळातल्या बाया उपवासकाळासाठी अंगण धुवायला आल्या. त्यांना मी बादल्या भरून दिल्या.

बुधवारी तीन मिस्सा, म्हणजे सामूहिक प्रार्थना, असतात. सकाळच्या मिस्साला ओनेलिया रांगेत पहिली. फादरनी तिच्या कपाळावर क्रूस काढला, ती डोळे मिटून क्षणभर जास्त थांबली. दुपारच्या मिस्साला ती पुन्हा रांगेत. फादरच्या लक्षात आलं नाही, किंवा आलं असूनही ते बोलले नाहीत. संध्याकाळी ती तिसऱ्यांदा आली, काठीवर भार देत, कपाळ आधीच काळं.

"ओनेलियाबाई, तुम्हाला लावली की राख," फादर हळूच म्हणाले.

"लावलीत फादर. अजून लावा."

त्यांनी लावली. वाडगं धरून शेजारी मी उभा होतो.

लोक गेल्यावर ती बाकावर बसून राहिली. मी मेणबत्त्या विझवत तिच्यापर्यंत आलो. तिने माझी बाही धरली.

"कोंपाद्रे, यात ती किती असेल रे? झावळ्याच जास्त असतील. पण थोडी तरी असेल ना?"

"असेल ना," म्हणायला मी तोंड उघडलं आणि ते खडे माझ्या डोळ्यांपुढे आले. चाळणीत उरलेले, काळे, चकचकीत. ते त्या बारीक चाळणीतून जाणं शक्यच नव्हतं. केसांचे उरले होते ते एवढे खडेच, ते मी माझ्या हाताने मोरीत झटकले होते आणि वर बादल्या ओतायला पाणी भरून दिलं होतं. तिची तीन वेळची राख नुसत्या ताडाच्या झावळ्यांची होती.

"असेल ना," मी म्हणालो. "बरीच आहे."

ती घरी गेल्यावर मी मोरीपाशी गुडघ्यांवर बसलो, मोरीची जाळी उचकटली, हात घालून चिखल काढला. चिखलच निघाला. मी किती वेळ काढत होतो कोण जाणे. फादर आले, विचारलं काय हरवलं, आणि मी सांगितलं की किल्ली.

शनिवारी पडदा लावला. आत ती नायलॉनचे केस विंचरत होती, एक शब्द न बोलता. अर्ध्या तासात बाहेर आली; पूर्वी तिला दोन तास लागायचे. कपाळ तिने धुतलं नव्हतं.

"राख उरली असेल ना थोडी? मला दे. ती आली की दाखवीन तिला."

उरलेली राख जमिनीत पुरतात. मी ती पुरली नव्हती. औषधाच्या एका रिकाम्या डबीत भरून मी तिच्या हातात दिली. तिने झाकण उघडलं आणि डबी नाकापाशी नेली.

"तिचाच वास," ती म्हणाली. "तुला येतो का?"

मी वाकलो, वास घेतला आणि येतो म्हणालो.