आत्याच्या तोंडातली औटकी

भूतबित, करणी, अंगात येणं... असलं कुणी सांगायला लागलं की मी सरळ उठून जातो. जालन्यात मस्तगडला राहतो, अकरावी-बारावीच्या गणिताच्या शिकवण्या घेतो. तेव्हा खालचं वाचून हसायचं असेल तर खुशाल हसा. मीही हसलो असतो.

बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतले निवृत्त मास्तर. डोक्याला गंज चढू द्यायचा नाही म्हणून रोज सकाळी गॅलरीत फेऱ्या मारत पावकी, दिडकी, औटकी मोठ्यानं म्हणायचे. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. गेल्या दोन वर्षांत मात्र तिच्यात एक चूक व्हायला लागली होती — सतराला साडेएकोणसाठऐवजी साडेसाठ. मी आतून ओरडून दुरुस्त करायचो. दुसऱ्या दिवशी पुन्हा साडेसाठ!

पोळ्याच्या दिवशी सकाळी माझा ऑनलाइन क्लास चालू होता. बाबांचा आवाज माइकमध्ये गेला, पोरं खी खी हसली. माझं टाळकं सटकलं. बाहेर जाऊन म्हणालो, "बाबा, बंद करा ही कटकट. मोबाईल आहे आता, कुणाला लागतात तुमचे पाढे?"

ते "बरं" म्हणाले. त्यानंतर एकही पाढा त्यांच्या तोंडून निघाला नाही. मी मोठा शहाणा, मेंदूचा व्यायाम म्हणून त्यांना मोबाईलवर गेम टाकून दिले. त्यांनी हातसुद्धा लावला नाही. संक्रांतीपर्यंत बाबा माझं नाव विसरले. डॉक्टर म्हणाले, वय झालंय, हे होणारच होतं. म्हणू देत. मी स्वतःला माफ केलेलं नाही.

बाबांची धाकटी बहीण, कौसाआत्या, पिंपळगाव रेणुकाईला असते. माझ्या लग्नात मानपानावरून बिनसलं, तेव्हापासून नऊ वर्षं येणं-जाणं नाही, फोनसुद्धा नाही. शाळेची पायरी ती कधी चढली नाही, अजून अंगठाच उठवते. बाबांना थोडंफार ओळखू येतंय तोवर भेट घडवावी म्हणून भर दुपारी तिच्या दारात गेलो. आत्या सुपात तूर पाखडत होती आणि तोंडानं औटकी चालली होती... थेट बाबांच्या चालीत. सतराला आली — साडेसाठ.

कुणी शिकवलं, विचारलं.

"कुणी न्हाई रे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवसापासून आपोआप येऊन राह्यलं तोंडात. हे हाय तरी काय?"

तिला तशीच गाडीत घालून जालन्याला आणलं. बाबांसमोर बसून ती रडत रडत औटकी म्हणत होती. बाबा मान डोलवत ऐकत होते. कित्येक महिन्यांत त्यांचा चेहरा असा उजळलेला मी पाहिला नव्हता. संपल्यावर म्हणाले, "छान म्हणता बाई. कोणत्या शाळेत होता?"

आत्यानं पदरानं डोळे पुसले. "कोणत्याच न्हाई, दादा. तू शाळंत जायचास, मी शेळ्या राखत होते."

"अरेरे," बाबा म्हणाले आणि पुन्हा खिडकीकडे बघत बसले.

तुम्ही म्हणाल, लहानपणी घरात ऐकलं असेल तिनं. मान्य. पण ती चूक तर दोन वर्षांपूर्वीची, आमच्या गॅलरीतली. ती इतक्या लांब कशी पोचली? डोकं आपटून पाहिलं, उत्तर नाही. आत्या अजून रोज सकाळी म्हणते. बाबा गप्प आहेत, आणि त्यांना गप्प मी केलं... त्याला मात्र कसलंही स्पष्टीकरण लागत नाही.