जयसिंगरावांचं नाक

आमच्या ह्यांना गाडीतलं कळतं, हे इंदूरच्या निम्म्या मराठी घरांना ठाऊक आहे, आणि उरलेल्या निम्म्यांना ह्यांनी स्वतः जाऊन सांगितलंय. जयसिंगराव पवार म्हटलं की लोक विचारतात, वास घेऊन गाडी सांगणारे तेच ना? तेच. ह्यांचे पणजोबा म्हणे होळकरांच्या पागेत घोडे पारखायचे, घोड्याच्या श्वासाच्या वासावरून जनावर आतून कसं आहे ते सांगायचे. खरंखोटं देव जाणे, मी काही बघायला गेले नव्हते. पण ह्यांनी तीस वर्षं रोडवेजच्या, म्हणजे सरकारी बसच्या, वर्कशॉपात काढली, शेवटी फोरमन होते, आणि गाडी ह्यांना कळते ही गोष्ट खरी. मी सहसा ह्यांचं कौतुक करत नाही, त्यामुळे माझ्यावर भरोसा ठेवायला हरकत नाही.

रोडवेज बंद पडली आणि पन्नाशीतच हे घरी बसले. घरी बसलेला नवरा काय चीज असते ते ज्या बाईनं सोसलंय तिलाच ठाऊक. डबे लावण्यापासून कुकरच्या शिट्ट्यांपर्यंत सगळ्यात नाक खुपसायचे. मग एकदा शेजारच्या पंढरीनाथरावांनी जुनी गाडी घेताना ह्यांना बरोबर नेलं. ह्यांनी दार उघडलं, डोकं आत घातलं, डोळे मिटून एक लांब श्वास घेतला आणि म्हणाले, राहू द्या, ही पाण्यात बुडालेली आहे. मालक आधी भांडला, मग गप्प झाला. झालं! तेव्हापासून दर रविवारी कुणी ना कुणी दाराशी. पैसा घेत नाहीत, बिनसाखरेचा चहा तेवढा घेतात. पद्धत ठरलेली. हे गाडीत डोकं घालेपर्यंत कुणी बोलायचं नाही. आधी नाक, मग टायर, इंजिन, कागद. शेवटी एकच शब्द, घ्या किंवा राहू द्या. त्या एका शब्दावर माणूस पुन्हा माणसात आला, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत आम्हा दोघांनाही झाला. माझा गेलेला वास महिन्याभरात परत आला. ह्यांना विचारलं तर म्हणाले, माझाही आला. मी म्हटलं, चला, सुटलो.

त्या हिवाळ्यात मी मंदिरातून घरी आले आणि दारातच मला गॅसचा भपकारा आला. शेगडीचं एक बटण अर्धवट राहिलेलं, आणि हे तिथेच दोन हातांवर स्टुलावर बसून मटार सोलत होते. आरामात, रेडिओ लावून. मी बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या, आणि हे मला म्हणतात, अगं थंडी येतेय, लाव त्या. मी तशीच आत जाऊन पलंगावर बसले आणि रडले. गॅसमुळे नाही. ह्या माणसाचं जे एक उरलं होतं तेच गेलंय, आणि तो ते माझ्यापासूनसुद्धा लपवतोय, म्हणून.

सांगायला हवं होतं का? आज म्हणाल तर हवं होतं. पण तेव्हा मला वाटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. लोक कमी झाले होते, तरी अधूनमधून रविवारी येतच होते. ह्यांनी नाही म्हटलं असतं तर का म्हणून विचारलं असतं. हे जात राहिले. फरक एवढाच की आता मलाही बरोबर न्यायला लागले. चाळीस वर्षांत कधी सराफ्याच्या खाऊगल्लीत कुल्फी खायला चल म्हणाले नाहीत, आणि आता म्हणे, मंगल, तू पण चल, मागच्या सीटवर बसून बघ, बायकांना आराम वाटतो की नाही ते कळतं. मी मनातून फुलले. म्हातारपणी का होईना, बायको आठवली. हे गाडीत डोकं घालायचे, तसाच लांब श्वास घ्यायचे, मग एकदा माझ्याकडे बघायचे आणि सांगायचे. चार वर्षांत अशा अकरा गाड्या झाल्या. त्यातल्या एकीबद्दल मला बोलायचंय, पण ते ओघात येईल.

आता आमची गाडी. आम्ही घरात सहा माणसं. आम्ही दोघं, मुलगा मनीष, सून शिखा, नातू मानस आणि सहा वर्षांची क्षितिजा. क्षितिजाला दम्याचा त्रास, तिचा पंप सगळीकडे बरोबर. आमच्या छोट्या गाडीत सहा जण नीट मावत नाहीत, म्हणून लग्नाकार्याला दोन फेऱ्या, नाहीतर आम्ही म्हातारे ऑटोनं. शिखानं ठरवलं, सात सीटची मोठी गाडी घ्यायची. पोरगी हुशार आहे. दोन महिने लॅपटॉपवर तक्ता करून बसली होती. कोणाच्या एअरबॅग किती, तिसऱ्या सीटवर पाय कुठे ठेवायचे, एसीची हवा मागे पोचते का, नवी घेतली तर काय सुटतं आणि जुनी घेतली तर काय मिळतं. शेवटी तीन वर्षं वापरलेली एक गाडी निघाली. पांढरी, उंच, बघताच मनात भरणारी. रिंगरोडवर एका एजंटच्या आवारात उभी होती. तक्त्याच्या तळाशी शिखानं एक ओळ लिहिली होती, बाबांचं नाक. आम्ही सगळे हसलो होतो. हेसुद्धा हसले.

शनिवारी सगळे गेलो. एजंट गोड बोलणारा, आओ भिया, आओ माँजी. ह्यांनी हात वर केला तसा तोही गप्प झाला. मनीषनं दार उघडून दिलं. ह्यांनी डोकं आत घातलं, डोळे मिटले, श्वास घेतला. मग टायर बघितले, इंजिन बघितलं, पट्टे ओढून बघितले. सगळं चकाचक होतं. पट्टे नवे, मॅट नव्या, कव्हरं नवी. तिसऱ्या सीटवर ह्यांना गुडघ्यांमुळे चढता येईना, म्हणून मी आणि क्षितिजा चढलो.

आणि मला वास आला. वर लिंबाचा सेंट मारलेला, खाली तो. सीलनचा, ओल्या गोणपाटाचा. पावसाळ्यात बंद राहिलेल्या खोलीचा येतो ना, अगदी तो. मी सीटखाली हात घातला तर गालिच्याच्या कडेला बोटं गार लागली. गाडी कुठल्यातरी पुरातून आली होती.

मी वर बघितलं तर हे दारात उभे, माझ्याकडे बघत. मी चेहरा हलू दिला नाही. मला सवयच झाली होती. मी तोंड वाकडं केलं असतं तर लोकांनी विचारलं असतं की काकूंना आला तो वास काकांना कसा नाही आला? म्हणून नाकाला पदर लावायचा नाही, कपाळाला आठी घालायची नाही, हे मी चार वर्षं पाळलं होतं. त्या क्षणीही आपसूक पाळलं. आणि हे म्हणाले, "घ्या."

मनीषनं शिखाला टाळी दिली. मी खाली उतरले आणि बडबड सुरू केली. पायरी फार उंच आहे, माझ्यानं होणार नाही. मनीष म्हणाला, फूटबोर्ड लावू. पांढरा रंग मळतो. एजंट म्हणाला, माँजी, इंदूर में कहाँ धूल? मागे मला मळमळतं. शिखा म्हणाली, आई, तुम्ही मधल्या सीटवर बसा. मी म्हटलं, मला ही गाडी आवडलीच नाही, बस. तेव्हा मनीष वैतागला. बाबांनी पास केलेल्या गाडीला तू कशाला अपशकुन करतेस, असं चारचौघांत बोलला. त्याचं तरी काय चुकलं? गाडीच्या बाबतीत ह्या घरात माझं कधी कुणी ऐकलंय, आणि मी कधी बोललेय? शेवटी मी धीर केला आणि म्हटलं, मला आत ओलीचा वास आला. सगळ्यांनी ह्यांच्याकडे बघितलं. हे माझ्याकडे बघत होते. अगदी हळू आवाजात म्हणाले, मला नाही आला. मनीष हसला. म्हणाला, आई, बाबांना नाही आला तो तुला कुठून आला?

क्षितिजा अजून आतच होती. मानसदादाबरोबर मागच्या सीटवर उड्या मारून झाल्या आणि ती खोकायला लागली. आधी साधं. मग तो तिचा ठराविक खोकला, शिट्टी वाजल्यासारखा, जो आला की शिखाचा हात न बघता पर्समध्ये पंपाकडे जातो. तिला उचलून बाहेर आणलं, पंप दिला, पाठ चोळली. पाच मिनिटांत पोर ठीक झाली. एजंट म्हणाला, धूल होगी. मनीषही म्हणाला, धूळ असेल, गाडी धुऊनच नेऊ.

मी शिखाच्या हातातून पोर घेतली आणि म्हटलं, "मनीष, बाबांना वास येत नाही. कोरोनापासून येत नाही."

ह्यांनी खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला, परत लावला आणि आमच्या जुन्या गाडीत पुढे जाऊन बसले. मनीषनं एजंटला सांगितलं, नंतर फोन करतो. परत येताना सहा जण त्या छोट्या गाडीत कोंबून बसलो होतो. एरवी केवढा गोंधळ असतो. त्या दिवशी मानससुद्धा खिडकीवरून भांडला नाही.

घरी आल्यावर हे अंगणात खुर्ची टाकून बसले. मी चहा घेऊन गेले. मला वाटलं ओरडतील. लग्नानंतर कितीतरी वर्षं साध्या मिठावरून ओरडणारा माणूस. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं, मीही चार शब्द सुनावले असते. पण म्हणाले, "तुला कधीपासून माहीत होतं?"

मी गॅसचं सांगितलं. मटार सोलत होतात तो दिवस. त्यांनी कप पायाशी ठेवला. मग म्हणाले, "म्हणजे अकराही वेळा माहीत होतं. मी तुझ्या तोंडाकडे बघून सांगत होतो, मंगल. मला वाटायचं, वास असेल तर तुझ्या चेहऱ्यावर दिसेल. तू कधी काही लपवलेलं मला आठवत नाही."

अहो, म्हणजे हा माणूस माझं नाक घेऊन हिंडत होता! आणि मी त्याची अब्रू झाकायची म्हणून तेच नाक दाबून बसले होते. मला संताप आला. ह्यांचा, माझा, दोघांचाही. एका शब्दानं विचारलं असतंत तर, असं मी म्हणायला गेले. पण मीही एका शब्दानं सांगितलं नव्हतंच. कुणाला काय तोंड दाखवायचं?

त्यांनी विचारलं, "त्या अकरांत कुठली होती का अशी?"

मी खोटं बोलू शकले असते. पण म्हटलं, होती. सुहासिनीची.

सुहासिनी म्हणजे मंदिरामागची, भिशीतली माझी मैत्रीण, मुलगा सुशांतबरोबर राहायची; तिची भिशी सुटल्यामुळे दिवाळीपासून भेट नव्हती. दोन वर्षांपूर्वी तिनं अशीच सात सीटची मोठी गाडी घेतली, ह्यांच्या शब्दावर. तिच्या गाडीत मी मागे बसले तेव्हा हाच वास होता, इतकाच गार गालिचा होता. मी सरळ चेहऱ्यानं बसून राहिले होते. दुसऱ्याच्या घरात होतं तेव्हा मला पदरसुद्धा हलवावासा वाटला नाही, आणि आपल्या नातीला खोकला आला तेव्हा वाचा फुटली. हे त्यांनी म्हटलं नाही. मलाच कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं चालत तिच्याकडे गेलो. हे वाटेत दोनदा थांबले. म्हणाले, मी सांगतो, तू बोलू नकोस, माझ्या तोंडून गेलं पाहिजे. मी नुसती मान हलवली.

फाटकाशी गाडी नव्हती. सुहासिनीनं हसत दार उघडलं, बसा बसा केलं, ह्यांच्यासाठी आठवणीनं बिनसाखरेचा चहा टाकला. ह्यांनी गाडीचं विचारलं. ती म्हणाली, अहो काका, ती तर दिवाळीतच विकली. सुशांतची बदली पुण्याला झाली, मला एकटीला एवढी मोठी गाडी काय करायची? हे म्हणाले, गाडीचा काही त्रास होता का? ती म्हणाली, नाही हो, थोडं दिव्यांचं काहीतरी व्हायचं, मध्येच बंद पडायची, बाकी उत्तम. आणि मग कौतुकानं सांगायला लागली. हातोद गावाकडची मंडळी होती, मोठं कुटुंब, तीन-चार लहान मुलं. एजंटमार्फत आलेले, नाव-गाव काही लक्षात नाही. ते आधी तयारच होत नव्हते, दुसरीकडे बघणार होते.

"मग मी सांगितलं, ही जयसिंगराव पवारांनी बघून दिलेली गाडी आहे. एजंटला तुमचं नाव ठाऊक होतं, काका. त्यानंतर त्यांनी दारसुद्धा उघडून बघितलं नाही. लगेच घेऊन गेले."

समोरचा चहा ह्यांनी उचलला, पूर्ण प्यायला, आणि चांगला झालाय म्हणाले.