मोजे तपासणारे भाऊजी

ऐंशीच्या दशकात अंबरनाथ ते बदलापूर ह्या पट्ट्यात जेवढी लग्नं जुळता जुळता मोडली, त्यांतली निम्मी तरी माझ्या आत्याच्या धाकट्या दिरांमुळे मोडली असं माझं स्पष्ट मत आहे. आणि जी जुळली त्या झाडून सगळ्यांचं श्रेय त्यांनीच घेतलं, हे अख्ख्या कॉलनीला ठाऊक आहे. आत्या त्यांना भाऊजी म्हणायची. नोकरीसाठी मी कराडहून अंबरनाथला आत्याकडे राहायला आलो आणि मीही त्यांना भाऊजीच म्हणायला लागलो. माझं ऐकून माझे मित्र म्हणायला लागले, मग त्यांच्या कारखान्यातली पोरं, मग कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला. एकदा तर त्यांच्या साहेबांनी भर मीटिंगमध्ये "भाऊजी, स्टॉक किती आहे?" असं विचारलं म्हणतात. अंबरनाथ पश्चिमेत त्यांची वहिनी एकच होती, पण भाऊजी ते सगळ्यांचे होते.

पोटासाठी ते एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये नटबोल्ट द्यायचं काम करत. जीव मात्र दुसऱ्याच कामात. संध्याकाळी बिल्डिंगसमोरच्या कट्ट्यावर बसून ते लग्नाळू आणि प्रेमात पडलेल्या पोरांना सल्ले देत, तेही फुकट, आणि न विचारता. "उतावळेपणा केलास तर कुठलाच आटा नीट बसत नाही," हे त्यांचं आवडतं वाक्य. ते नटबोल्टबद्दल बोलतायत की मुलींबद्दल, हे शेवटपर्यंत कळायचं नाही आणि पोरं दोन्हीला मान डोलवायची.

मुलगी बघायच्या कार्यक्रमाचं तर त्यांनी शास्त्रच केलं होतं. त्यात सगळ्यात वरचा मान मोज्यांना. "निकाल दारातच लागतो. बूट काढताना सगळं घर पायांकडे बघत असतं. तिथे अंगठा दिसला की खलास!" असं म्हणून ते निघण्यापूर्वी मुलाला भिंतीला धरून उभं करत आणि घोड्याला नाल मारणाऱ्याच्या थाटात त्याचे पाय एकेक करून उचलून बघत. बूट बिनलेसचेच हवेत, कारण लेसशी झटापट करणारा मुलगा संसारात काय दिवे लावणार? आत गेल्यावर भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून "तुमचं घड्याळ अगदी बरोबर चालतंय हो" असं म्हणायचं, म्हणजे मुलगा वक्तशीर आहे हे आपोआप ठसतं. पोह्यांचा पहिला घास घेऊन क्षणभर थांबायचं, डोळे जरा बारीक करायचे. आणि मुलीला "स्वयंपाक येतो का" वगैरे गावंढळ प्रश्न न विचारता एकच प्रश्न करायचा : "तुम्हाला समुद्र जास्त आवडतो की डोंगर?" ह्या प्रश्नावर भाऊजींचा फार जीव होता. तिने उत्तर दिल्यावर आपण पुढे काय बोलायचं, हे मात्र त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

कपड्यांची खरेदी उल्हासनगरला, दोन नंबर कॅम्पातल्या एका ठरलेल्या सिंधी शेठकडे. भाऊजी दुकानात शिरले की शेठ ओरडायचा, "आओ साईं, आज कौन सा बकरा लाया?" मग नव्या पोराच्या अंगाला शर्ट लावून बघत तो म्हणायचा, "ये पहन के लडका रिजेक्ट हुआ तो शर्ट वापस लूंगा. मगर लडकी के बाप की चिठ्ठी लाने का." त्यावर भाऊजी छाती काढून सांगायचे, "रिजेक्ट कैसा होगा? मैं बाहर खडा रहता है ना!"

कारण भाऊजी प्रत्येक मुलाबरोबर जायचे, पण आत कधीच जायचे नाहीत. समोर एखादी चहाची टपरी गाठून तिथे उभे राहायचे. का, म्हणून विचारलं तर "डॉक्टर पेशंटच्या घरी जेवायला बसतो का?" असं म्हणायचे. खरं कारण आत्याने मला एकदा भाजी निवडता निवडता सांगितलं. पंचविशीत भाऊजी स्वतःसाठी मुलगी बघायला गेले होते. मुलीच्या वडिलांनी नाव विचारलं, तर घाबरून त्यांनी थोरल्या भावाचं नाव सांगितलं. वडील म्हणाले, ते तर विवाहित आहेत ना? त्यावर भाऊजी "हो" म्हणाले आणि उठून बाहेर आले. तेव्हापासून त्यांनी कुठल्या मुलीच्या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. "आता सदतिशी उलटली," आत्या म्हणाली, "सगळ्या गावाची लग्नं लावतात, आणि आपला विषय काढला की उठून गॅलरीत जातात. ह्यांचं कसं व्हायचं रे?" आत्याचा जीव तुटायचा ह्या माणसासाठी.

त्यांचे सल्ले लागू पडायचे का? कट्ट्यावरच्या एकाचं टायपिंग क्लासातल्या मुलीशी जरा जमत आलं होतं. रोज क्लास सुटायच्या वेळी तो तिथे हजर असायचा, आणि ती हसायची. भाऊजी म्हणाले, "रोज जातोस? दूधवाला आहेस का? खंड पाड. माणूस दिसेनासा झाला की त्याची किंमत कळते." त्याने बिचाऱ्याने मनावर दगड ठेवून चांगला खंड पाडला. परत गेला तेव्हा मुलगी परीक्षा पास होऊन, लग्न करून नाशिकला गेली होती. भाऊजींना ह्याचं काही नाही. "बघ, खंड पडल्याबरोबर तिला संसार करावासा वाटला की नाही? दिशा तेवढी चुकली." दुसऱ्या एकाचा ऐन कार्यक्रमाच्या दिवशी सर्दीने आवाज बसला. तो समुद्र नाही, डोंगर नाही, नुसता हातवारे करत बसला आणि पहिल्या फटक्यात पसंत पडला. "मौन!" भाऊजी कट्ट्यावर म्हणाले. "मीच सांगितलं होतं त्याला."

मग माझी पाळी आली. बदलापूरचं स्थळ भाऊजींनीच सुचवलं. मुलगी शाळेत शिकवते, वडील रेल्वेतून गार्ड म्हणून रिटायर झालेले. मला आधीच कुणकुण होती, म्हणून विचारलं, "भाऊजी, आपल्या कॉलनीतल्या दोघांना हिनेच नकार दिला ना?" ते जरा गडबडले. "मुलगी फार चांगली आहे रे. पोरंच कच्ची पडतात." मी म्हटलं, निदान सल्ला तरी बदला. तर म्हणाले, "औषध बदलायचं नसतं, डोस वाढवायचा." मुलगी चांगली आहे हे रस्त्यावरच्या टपरीवरून त्यांना कसं कळलं, हे विचारायचं मला तेव्हा सुचलं नाही.

रविवारी सकाळी माझे मोजे दोनदा तपासून झाले. बदलापूरला पोचल्यावर आत्या आणि मी जिना चढून मुलीच्या घरी गेलो, भाऊजी समोरच्या टपरीवर थांबले. मुलगी चहा-पोहे घेऊन आली, शांत चेहऱ्याची, पण डोळ्यांत काहीतरी मिश्कील. मी धडा म्हणायला सुरुवात केली. "तुमचं घड्याळ अगदी बरोबर चालतंय हो."

"बंद आहे ते," ती म्हणाली. "मागच्या वेळी आले होते त्यांनाही ते बरोबर वाटलं होतं. म्हणून ह्या वेळी मी मुद्दामच चावी दिली नाही."

माझ्या कानशिलांतून वाफा निघायला लागल्या. तोंडात पोहे होते, पहिल्या घासानंतर थांबायचं होतं, ते राहून गेलं. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हणालो, "तुम्हाला समुद्र जास्त आवडतो की..."

"डोंगर," तिने वाक्य पुरं केलं. "पहिल्या वेळी मी समुद्र सांगितलं, दुसऱ्या वेळी डोंगर. दोघेही 'हं' म्हणाले आणि गप्प बसले. आता तुम्हीच सांगा, बरोबर उत्तर काय आहे?"

"ते भाऊजींनी सांगितलेलं नाही," माझ्या तोंडून निसटलं.

आत्याला ठसका लागला. मुलगी उठून खिडकीशी गेली. "खाली टपरीवर उभे आहेत, ते का भाऊजी? दोन्ही वेळेला होते. आत बसलेला मुलगा अगदी निवांत असतो आणि हे तिकडे एकसारखे घाम पुसत असतात." मग वडिलांकडे वळून म्हणाली, "बाबा, त्यांना वर बोलवा ना. पोहे उरलेत."

वडिलांनी खिडकीतून खणखणीत हाक मारली, "अहो भाऊजी, वर या!" भाऊजींनी आधी मागे वळून बघितलं, दुसरं कुणी आहे का म्हणून. मग चहाचा ग्लास टपरीवाल्याच्या हातात देऊन ते जिना चढले. दारात आले आणि माझ्या लक्षात आलं, त्यांच्या पायांत लेसचे बूट होते. लेसची गाठ बसली होती. सगळं घर त्यांच्या पायांकडे बघत होतं. अखेर बूट निघाला आणि उजव्या मोज्यातून अख्खा अंगठा बाहेर आला. गेली कित्येक वर्षं ह्या माणसाने गावातल्या पोरांचे पाय उचलून उचलून बघितले होते; त्याचे बघायला कुणी नव्हतं.

ते खुर्चीत एका पायावर दुसरा पाय दाबून बसले. पोह्यांची बशी हातात आल्यावर कुठेही न थांबता, डोळे बारीक न करता, त्यांनी मिरचीसकट सगळी संपवली. मी बघायला आलेला मुलगा होतो हे एव्हाना सगळेच विसरले होते; माझी अर्धी बशीसुद्धा कुणीतरी उचलून नेली.

"आता तुम्ही सांगा," ती म्हणाली. "तुम्हाला समुद्र आवडतो की डोंगर?"

भाऊजींनी रिकामी बशी खाली ठेवली. हा प्रश्न त्यांनी इतक्या जणांच्या तोंडी घातला, पण त्यांना स्वतःला तो कुणी विचारलाच नव्हता. कपाळावरून घाम ओघळला, तो त्यांनी पुसला नाही.

"खरं सांगू का? दोन्ही नाही," ते म्हणाले. "मला घरी बसायला आवडतं. पण घर दादा-वहिनींचं. दोघंही फार चांगले आहेत. तरी फार वेळ बसलं की वाटतं, आपली अडचण होतेय. म्हणून मग ह्या पोरांच्या मागे हिंडतो."

आत्या एकदम खाली बघायला लागली. वडिलांनी घसा साफ करून विचारलं, "नाव काय आपलं?"

भाऊजींनी तोंड उघडलं आणि आत्याकडे बघितलं. "सांगा भाऊजी," आत्या हळूच म्हणाली, "स्वतःचं सांगा." आणि त्यांनी बरोबर सांगितलं, आडनावासकट. आत्याने पदराने डोळे टिपले. निघताना मुलगी दारापर्यंत आली आणि म्हणाली, "मोजा फाटलाय तुमचा." भाऊजी म्हणाले, "हो. लोकांचे बघता बघता राहिला."

त्यानंतर बदलापूरहून काही म्हणजे काही निरोप आला नाही. आठवडे गेले. भाऊजी जेवेनासे झाले, कट्टा ओस पडला. शेवटी पोरंच त्यांना समजवायला वर आली. टायपिंग क्लासवाला म्हणाला, "भाऊजी, टेन्शन नका घेऊ. खंड आहे हा. माणूस दिसेनासा झाला की त्याची किंमत कळते." भाऊजी ताडकन उठले. "कसला डोंबलाचा खंड! कोणी सांगितलं तुला हे?" सगळी पोरं त्यांच्याकडेच बघायला लागली, आणि ते स्वतःच ओशाळून खाली बसले.

एका संध्याकाळी ती वडिलांना घेऊन आत्याकडे आली. भाऊजी पळून गॅलरीत गेले. "उशीर झाला, पण सहामाहीचे पेपर तपासायचे होते," ती आत्याला म्हणाली. एवढंच कारण होतं. मग म्हणाली, "आमचे बाबा जन्मभर गाडीवर. आई दिवाळीलासुद्धा ताट झाकून बसायची. मला घरी बसणारा माणूस हवा होता." गॅलरीत कुंडी पडल्याचा आवाज आला.

अशा रीतीने माझ्यासाठी बघितलेली मुलगी माझी काकू झाली. भाऊजी बदलापूरला राहायला गेले. कट्ट्यावर पोरं काही दिवस बसली, मग तीही उठली. विचित्र म्हणजे, भाऊजी गेल्यावर त्या पोरांची लग्नं पटापट जमली. आम्हाला मात्र त्यातली मजा गेल्यासारखं वाटायचं.

माझं दुसरं स्थळ आलं तेव्हा मी न राहवून बदलापूरला गेलो. भाऊजी दारात सुपात तांदूळ घेऊन बसले होते, जरा जाड झाले होते. मी सल्ला मागितला तर लाजले आणि आत बघून म्हणाले, "अहो, ह्याला काय सांगू?" आतून काकू म्हणाल्या, "खरं बोल म्हणावं." भाऊजी पुन्हा म्हणाले, "बस? एवढंच?" इतका छोटा सल्ला द्यायची त्यांना सवय नव्हती. मला सोडायला ते फाटकापर्यंत आले, घराकडे एकदा वळून बघितलं आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "तरी पण मोजे बघून घे हो."

भाऊजी वारले, त्याला आता बरीच वर्षं झाली. कुणाच्याही दारात बूट काढताना माझी नजर आधी मोज्यांकडे जाते. ते धड असतात, माझी बायको त्या बाबतीत दक्ष आहे. धड असलेले बघून बरं वाटायला हवं. पण दर वेळी वाटतं, एखादा अंगठा बाहेर आला असता, तर वरून कुणीतरी हळहळलं असतं, आणि मग हसलंही असतं.