मुरागेचं अजून ठरत नाहीये

आमच्या गिथुराईत मुरागेला सगळे 'डायरेक्टर' म्हणत. कंपनी कुठली, हे विचारायचं नाही. कार्डं छापून झाली होती. त्यावर कापलेल्या अवोकाडोचं चित्र आणि खाली त्याचं नाव. तेल काढायचं यंत्र, गिऱ्हाईक आणि अवोकाडो, एवढंच काय ते जमवायचं बाकी होतं. आमच्याकडे माणसाला पद आधी मिळतं, काम मागाहून येतं. कधी येतही नाही, पण म्हणून दिलेलं पद कुणी काढून घेत नाही.

धंद्याआधी धंद्याचं शिक्षण हवं, हे मुरागेचं पक्कं होतं. घोडं अडलं होतं ते शाळेपाशी. करेनमधली हिरवळवाली, की थिका रोडवरची मॉलवाली? हिरवळवालीत नेतृत्व अंगी बाणावं म्हणून विद्यार्थ्यांना अनवाणी गवतावर चालवत. मॉलवालीत तीनदा दिवाळं वाजलेले एक गृहस्थ मार्गदर्शक होते, आणि त्यांच्या तासाला म्हणे उभं राहायला जागा नसे. मुरागेला दोन्हीकडे प्रवेश मिळत होता, दरवर्षी मिळत होता. दोन्हीकडच्या माहितीदिनाला तो नेमाने जाई, सामोसे खाई आणि तेच प्रश्न नव्याने विचारी. हिरवळवालीचा पहारेकरी तर त्याला प्राध्यापक समजून सलाम ठोकू लागला होता.

हे सगळं पाहत बसली होती वांगेची. विमा कचेरीत नोकरी करणारी, हसरी, तोंडाची फटकळ आणि मुरागेवर मनापासून जीव असलेली. लग्न शाळेनंतर आणि शाळा ठरल्यानंतर, असा त्याचा हिशेब होता. त्यात तिची तिशी उलटली.

"गवतावर चाल, नाहीतर मॉलमध्ये बस," ती एकदा वैतागून म्हणाली, "पण एकदाचं कुठेतरी बोट ठेव रे!"

"अगं, घाई करणारा उद्योजक बुडतो."

"बुडायला आधी पाण्यात उतरावं लागतं, डायरेक्टरसाहेब."

मग तिनेच बापाशी बोलून दिवस ठरवला. "शनिवारी केरुगोयाला, आमच्या गावी, माणसं घेऊन ये. शाळेचं राहू दे, मला तरी निवड. ह्या वेळी जमलं नाही, तर पुन्हा बोलावणार नाही." हे सांगताना ती हसली नाही. तिच्यावाचून आपलं काही खरं नाही, हे त्याला कळत होतं. तेवढं त्याला नेहमीच कळत असे.

शनिवारी त्याचे काका मुचिरी यांनी बोलणी झकास केली. मुलीच्या बापाला द्यायच्या बोकडांवरून घासाघीस झाली, खोटे रुसवेफुगवे झाले, म्हातारे खूश झाले. मग आली ती खरी गंमत. पाच पोरी डोक्यापासून पायापर्यंत लेसोच्या रंगीत सुती फडक्यात गुंडाळून अंगणात उभ्या केल्या. नवऱ्याने त्यातली आपली ओळखायची. चुकला तर एक बोकड दंड. दारू पिऊन आलेले नवरेही सहसा चुकत नाहीत, कारण नवरीच काहीतरी खूण करते.

तिसरीने फडक्याखालून पाय पुढे सरकवला. अंगठ्यावर वांगेचीचा भाजल्याचा डाग होता. मुरागेने तो पाहिला. पण एवढं सोपं असेल कसं? माहितीपत्रकात पहिलं चित्र नेहमीच देखणं असतं! त्याने पाचही जणींभोवती एक फेरी मारली, मग दुसरी मारली. बायकांनी खिदळत जिभा वळवून किलकारी मारली.

"अरे, बाजारात म्हैस बघतोयस का?" मुचिरीकाका ओरडले. "धर हात!"

मुरागेने घसा खाकरला. "एकेकीला एकच प्रश्न विचारतो. पाच वर्षांनी तू कुठे असशील?"

"इथंच!" तिसरी फडक्याखालून कडाडली. "ह्याच फडक्याखाली!"

अंगण हसून लोळायचं बाकी राहिलं. आवाज अख्ख्या केरुगोयाने ओळखला. मुरागेनेही ओळखला, त्याचा हात अर्धा पुढेही गेला. तिथे तो अडला.

"आवाज तिचाच वाटतो," तो म्हणाला. "पण बाकीच्या चौघींचंही ऐकून घेऊ. म्हणजे तुलना करता येईल."

हसू विझलं. एक म्हातारी "अगं आई गं" म्हणाली आणि तिने मान फिरवली. वांगेचीने स्वतःच फडकं काढलं, झटकलं, नीट घडी घातली. "चौघींना काय ते विचार," ती म्हणाली. "त्यांना घाई नाहीये."

तिचा बाप गाचोका बैलाच्या शिंगात मुरातिना, म्हणजे घरची दारू, घेऊन पुढे आला. पोरीने घोट घेतला तर लग्न, नाहीतर नाही. "काय पोरी, आम्ही ही प्यावी का?" वांगेचीने शिंग हातात घेतलं, मुरागेकडे पाहिलं आणि ते भरलेलंच बापाला परत दिलं.

तेव्हा कुठे मुरागे खडबडून जागा झाला. धावत पुढे आला, बोट रोखून ओरडला, "हीच! हीच माझी वांगेची! माझं ठरलं!"

गाचोकाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "हो रे बाळा," तो म्हणाला. "फडकं काढल्यावर ती आम्हालाही दिसते."