ह्यांच्या कॉलरवरची पावडर

मंडळी, सलग तीन शनिवार आमचे हे "बँकेत ऑडिट आहे" म्हणून जायचे आणि कॉलरला गुलाबी पावडर लावून परत यायचे. माझा संशय वाढतच गेला. आज मी टॅक्सीने त्यांच्या मागोमाग कोलकात्याच्या बेहाला भागात गेले.

तिथे एका घरात ब्रिटिश रोमँटिक कॉमेडीचं शूटिंग चाललं होतं. बजेट इतकं कमी की दिग्दर्शिकाच चहा वाटत होती. आणि मेकअपची गुलाबी पावडर फासून वधूपित्याच्या भूमिकेत कोण? आमचे हे! नवरी निघाली तशी ते खरंच हमसून रडले.

"मला का नाही सांगितलंत?"

"आपल्या लेकीचं, सईचं लग्न लंडनला झालं, आपण मोबाईलवर पाहिलं. तुझ्यासमोर मला रडता आलं नाही गं, इथे येतं."

त्या दिवशी मीही बाथरूममध्ये नळ सोडून रडले होते. ते त्यांना आज सांगितलं.

तुम्ही एकमेकांपासून असं काय लपवलंय?